पायटेस्ट: टेस्ट फेल झाल्यावर खरा कामाला येतो तो भाग

पायथनचं साधं असर्ट (अट खरी आहे का ते तपासणारी ओळ) फेल गेलं की ‘असर्शनएरर’ एवढंच तोंडावर फेकतं. कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं याचा पत्ता नाही, मग प्रिंट टाकत बसा. पायटेस्ट हे पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल फुकट आहे, पण हा एक त्रास वाचवण्यासाठी पैसे मोजावे लागले असते तरी ते घेण्यासारखं होतं.

टेस्टची फाइल इम्पोर्ट होतानाच पायटेस्ट तिचा सिंटॅक्स ट्री (कोडची आतली रचना) बदलतं आणि तुलनेतल्या मधल्या किमती धरून ठेवतं. म्हणून ‘असर्ट बेरीज(बिल) == ११८’ फेल झालं तर आधी ‘११७ == ११८’ दिसतं आणि खाली ‘व्हेअर ११७ = बेरीज([१००, १७])’. फंक्शनला काय दिलं आणि काय परत आलं, दोन्ही समोर. लिस्ट असेल तर पहिला फरक कितव्या इंडेक्सला आहे ते सांगतं. डिक्शनरी असेल तर जुळणाऱ्या नोंदी बाजूला ठेवून फक्त बिघडलेल्या दाखवतं. मेसेज लांबला की कापला जातो. पूर्ण हवा तर कमांडला डबल व्ही (-vv) जोडा.

डिफमध्ये, म्हणजे दोन किमतींतला फरक दाखवणाऱ्या ओळींत, आवृत्ती ५.४ पासून वजा चिन्ह म्हणजे हवं होतं पण आलं नाही, अधिक म्हणजे नको ते आलं. हे गणित उजवी बाजू अपेक्षित धरून चालतं. उलटं लिहिलंत तर टेस्ट तशीच चालेल, पण डिफ वाचताना डोकं फिरेल.

अपूर्णांकांची जवळपास तुलना करायला ‘अप्रॉक्स’ आहे. त्याची मुभा दहा लाखात एक, आणि ती अपेक्षित किमतीच्या प्रमाणात. अपेक्षित उत्तर शून्य असेल तर ही मुभाही शून्यावर येते आणि उरते फक्त १०^-१२ एवढी, म्हणून तिथे ‘एबीएस’ (ठरावीक आकड्यातली मुभा) स्वतः द्यावा लागतो.

आता उणिवा. हेल्पर फाइलमधलं (टेस्टना मदत करणाऱ्या वेगळ्या फाइलमधलं) असर्ट पायटेस्ट आपणहून बदलत नाही, त्यामुळे तिथे पुन्हा तोच मुका एरर. इम्पोर्टच्या आधी ‘रजिस्टर असर्ट रीराइट’ केलं तरच सुटका. ‘ऑल’मध्ये (सगळे घटक खरे आहेत का ते पाहणारं फंक्शन) जनरेटर (घटक एकेक करून देणारा) दिला तर ‘फॉल्स = ऑल(जनरेटर ऑब्जेक्ट)’ एवढंच कळतं, कुठला घटक चुकला ते नाही. त्यापेक्षा चुकीच्या घटकांची लिस्ट बनवा आणि ती रिकाम्या लिस्टशी ताडून पाहा. मेसेजमध्ये नेमके गुन्हेगार येतात.

मराठी मजकूर तपासणाऱ्यांसाठी मात्र इथे वेगळाच चकवा आहे. ‘दऱ्या’ हा शब्द स्वतंत्र ऱ वापरून टाइप होतो, तसाच साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालूनही: ‘दर्‍या’. टेस्ट फेल होते आणि डिफच्या दोन ओळी डोळ्यांना सारख्याच. वरच्या असर्टच्या ओळीत मात्र जॉइनरचा कोड उघडा पडलेला असतो, तिथे पाहा. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) हा फरक मिटत नाही, जॉइनर स्वतः बदलून घ्यावा लागतो. र आणि नुक्ता असा जोडलेला ऱ असेल तर उलट: एनएफसी तो एक करतं, पण मेसेजमध्ये त्याचा कोड उघडा पडत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना ‘आस्की’ फंक्शन लावून तुलना करायची, म्हणजे अक्षरांऐवजी कोड छापले जातात.