औषधं, आरोग्य, व्यसन : मराठी व्हिडिओंचा पेन ड्राइव्ह संच, शाळेसाठी घ्यावा का?

आधीच सांगून टाकते, घ्या. पण सगळे व्हिडिओ डोळे झाकून वर्गात लावू नका, आणि व्यसनाचा भाग तर स्वतः अगोदर बघितल्याशिवाय अजिबात नको.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंत. मी विज्ञान शिकवते. संच दीड हजाराच्या आसपास पडला, हेडसरांनी शाळेच्या अनुदानातून घेऊन दिला. नेट लागत नाही ही सगळ्यात मोठी सोय, कारण आमच्याकडं रेंज पाहिजे असेल तर गच्चीवर जावं लागतं. सरकारच्या दीक्षा ॲपवर पुस्तकातला क्यूआर स्कॅन करून फुकट बरंच मिळतं, ते मी वापरतेच, पण ते धड्यापुरतं असतं, औषध पोटात गेल्यावर पुढं काय करतं एवढ्या खोलात ते जात नाही. हा संच जातो.

क्षयरोगाचा व्हिडिओ यातला सगळ्यात भारी. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, आणि एकाच औषधावर का भागत नाही, जंतू एकाला पचवून बसले तरी दुसरं त्यांना कसं गाठतं, हे चित्रातून इतकं सोपं करून दाखवलंय की मला वेगळं समजवायची गरजच पडली नाही. त्यात मधेच एक वाक्य येतं की यातलं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना लघवी लालसर केशरी होते, घाबरू नका. तिथं मागच्या बाकावरची एक पोरगी ताडकन उठली, "मॅडम, आमच्या आजोबानं त्यामुळंच गोळ्या फेकून देल्या, रगत मुतायलेत म्हणाले." दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला आशाताईसोबत आरोग्य केंद्रात पाठवलं. या एका वाक्यात संचाचे पैसे वसूल झाले असं मी तरी धरते.

पण याच व्हिडिओत आमच्या कामाचं जे होतं ते नाही. सहा महिने खंड न पाडता गोळ्या घ्या असं तीन-तीनदा सांगतात, बरं, आणि दिवाळी झाली की आमच्या भागातला माणूस उचल घेऊन ऊसतोडीला जातो, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, कुठं पण, कोप, म्हणजे तात्पुरती झोपडी, मांडून राहतो, त्यानं खंड पाडायचा नाही म्हणजे नेमकं करायचं काय? याला उत्तर आहे की. निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद असली की उपचार दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात बदलून घेता येतात, जाताना फक्त कळवायचं. दोन मिनिटांत सांगून झालं असतं. आणि पोषण आहाराचे महिन्याला ५०० रुपये सांगितलेत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, लावताना तेवढं तोंडानं दुरुस्त करा.

अँटिबायोटिकचा भाग पण चांगला आहे. फ्लेमिंगची १९२८ ची बुरशी सगळेच दाखवतात, पण १९४५ ला नोबेल घेताना त्यानंच बजावलं होतं की कमी डोस घ्याल तर जंतू औषधाला दाद देणार नाहीत, हे इथं आहे, आणि हे ऐकून पोरांना खरंच नवल वाटलं की ज्यानं शोधलं त्यानंच ताकीद दिली होती. सर्दी विषाणूनं होते, तिथं अँटिबायोटिक काहीच करत नाही, हेही ठसठशीत सांगितलंय. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवलीय, ती असेल तर चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, ही मोहीम २०१६ ची. मी काय केलं, पोरांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगितली. ढीग जमला. रेघ सापडणं पुढचं, निम्म्या तुकड्यांवर औषधाचं नावच नव्हतं की तारीख नव्हती, कारण मेडिकलवाले दोन गोळ्या, तीन गोळ्या असं कात्रीनं कापून देतात आणि नाव-तारीख राहते दुकानात उरलेल्या तुकड्यावर. व्हिडिओत मात्र प्रत्येक पात्र अख्खं पाकीट घेतं, बिल पण घेतं. असो.

वेदनाशामक गोळ्यांचा व्हिडिओ ठीकठाक. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी मिळतं, तापाची एक आणि सर्दीची एक अशा दोन गोळ्या घेतल्या तर दोन्हीत तेच असू शकतं आणि जास्त झालं की लिव्हरवर जातं, हा मुद्दा चांगला घेतलाय. जाता जाता डायक्लोफेनॅक आणि गिधाडांची गोष्ट पण आहे, मेलेल्या जनावरातून ते औषध गिधाडांच्या पोटात गेलं, किडन्या निकामी झाल्या, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं गिधाड बघितलेलं नाही, त्यामुळं हा दोन मिनिटांचा तुकडा त्यांनी परत लावायला लावला.

ओआरएसवर अख्खा व्हिडिओ आहे आणि तो मस्त आहे. १९७१ ला बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून पाजलं आणि मरणारी माणसं वाचली. साखरेसोबत मीठ आतड्यात ओढलं जातं आणि त्यामागं पाणी, हे पण नीट दाखवलंय. आमच्याकडं हगवण लागली की पहिला आग्रह सलाईनचा, बाटली लागल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही आणि घरच्यांना तर त्याहून नाही, त्यामुळं हा व्हिडिओ मी पालकसभेत पण लावला. वर्गात करून बघितलं तेव्हा कळलं की बहुतेक घरांत मोठं पाकीट थोडं थोडं ग्लासात टाकतात. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, ते एक लिटरला पूर्ण टाकायचं, बिसलेरीची मोठी बाटली हेच आमचं माप. चव घेऊन एक जण म्हणाला, "हे तर बिघडलेलं सरबत हाय." बरोबर आहे, असंच लागायला पाहिजे. दुकानातल्या गोड टेट्रापॅकबद्दल व्हिडिओत काही नाही, तो आधीचा असणार, कारण ठरलेल्या फॉर्म्युल्याचं नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस लिहायला बंदी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. मी ते जोडून सांगितलं.

लोहाच्या निळ्या गोळीवर पाचच मिनिटं आहेत, पण कामाची. मुली ती गोळी खिडकीतून टाकतात हे कुठल्याही शाळेतल्या बाईंना विचारा, मळमळतं म्हणून, शिवाय शी काळी होते म्हणून भीती. दोन्ही का होतं ते सांगितलंय, रिकाम्या पोटी घेऊ नका, चहासोबत घेऊ नका. आता जेवणानंतर देतो, तक्रार बरीच कमी झाली.

पाण्याचा व्हिडिओ दिसायला सगळ्यात सुंदर आणि आमच्या उपयोगाला सगळ्यात कमी. १८५४ चं लंडन, जॉन स्नो, नकाशावर मेलेल्यांच्या खुणा, मधोमध ब्रॉड स्ट्रीटचा पंप, सगळं झकास. आणि मग एकदम लंडनच्या गटारी. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं विहिरीत ओततात आणि विहिरीतून शेंदतात, २०१६ ला लातूरला पाणी रेल्वेनं आणलं होतं हे पोरांनी घरी ऐकलंय, तर पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला म्हणजे काय, हे कुणी सांगायचं? शेवटी ग्रामपंचायतीतून ओटीची बाटली आणून मीच करून दाखवलं. एका हापशाचं पाणी, एक टाकीचं, तिसरं टँकरचं. फक्त टाकीचं पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन तेवढ्यातच होतं, आणि पोरांनी दुसऱ्या दिवशी ते सरपंचांना जाऊन सांगितलं, मी सांगितलं नव्हतं जायला.

आता व्यसनाचा भाग. इथं संच घसरलाय. मोठ्या शहरातला फ्लॅट, लाल-निळे लाइट, पावडर, सुई, मागं भुताच्या पिक्चरसारखं म्युझिक. पावडर कशी घेतात हे तर इतकं बारकाईनं दाखवलंय की मी तिथंच बंद केलं. अहो, आमच्या पोरांसमोर काय आहे ते बघा ना. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे आणि पुडी कुठं मिळते ते सातवीतल्या पोराला पाठ आहे. शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे, यातला आकडा व्हिडिओत येतो, पण तक्रार कुणाकडं करायची ते येत नाही. सुपारीनं तोंड उघडणं कमी होत जातं याचा तर उल्लेखच नाही. मी तीन बोटांची तपासणी करायला लावली, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. एका पोराची दोनच गेली. त्याच्या आईला बोलावलं, अंबाजोगाईला स्वारातीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दाखवून आले, पुडी बंद आहे म्हणतात, बघू.

आणि अजून एक, जे मला जास्त खटकलं. संचात औषधं एका फोल्डरमध्ये आणि अंमली पदार्थ दुसऱ्यात, जणू दोन्हींचा काही संबंधच नाही. संभाजीनगरात पोलीस ज्या नशेच्या गोळ्या पकडतात, पोरं ज्याला बटन म्हणतात, त्या मूळच्या झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या औषधांच्याच गोळ्या असतात. खोकल्याच्या काही औषधांचं पण तसंच. डॉक्टरनं दिलं तर औषध आणि तेच मूठभर घेतलं तर नशा, मधे डोस आणि सवय काय करते, हे ज्यांना क्षयरोगाच्या गोळ्या इतक्या छान समजावता आल्या त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी पोरांना नुसतं भेवाडलं, आणि नववीतली पोरं भेवाडल्यानं ऐकत नाहीत, उलट हसतात.

साप-विंचू पूर्ण गायब. शेतातली, कोपीतली पोरं आहेत, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची नावं त्यांना माझ्याआधी माहीत असतात, पण मण्यार चावल्यावर दुखत नाही, सूज नाही आणि म्हणून घरचे झोपू देतात, हे सांगणारा व्हिडिओ पाहिजे होता. लाल विंचवाची गोष्ट तर औषधं शिकवायला सोन्यासारखी. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, त्यांनी महाडला विंचूदंशावर प्राझोसिन वापरलं, म्हणजे मुळात बीपीची गोळी, कारण विषामुळं बीपी आणि हृदयावर जो ताण येतो तो ती थांबवते. २०२२ ला पद्मश्री मिळाली. फ्लेमिंग पाहिजेच, पण हा माणूस पण पाहिजे होता. मी कंपनीला फोन करून सांगितलं, त्या बाईंनी "सजेशन नोट करते" म्हणून ठेवून दिला.

पाचपैकी साडेतीन देते. निवेदकाचा वेग जरा जास्त आहे, आठवीला दोनदा लावावं लागतं. आणि घेताना ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह मागून घ्या, आम्हाला ६४ चा आला होता, शाळेच्या जुन्या टीव्हीनं तो वाचलाच नाही, बदलून दिला पण महिना घालवला, आणि कुरिअर तालुक्यालाच येऊन थांबतं, पुढं एसटीनं येणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं.