एक्सएल ४०१५ मॉड्यूल आणि तीन सेलची बीएमएस: चार्जर म्हणून घ्यावे का?

होडीवरचा दिवा, भजनाचा छोटा स्पीकर, चवथीत माटोळीला सोडलेली दिव्यांची माळ, अशा कामांसाठी १८६५० मापाच्या लिथियम-आयन सेलचे पॅक घरीच बांधणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. चार्जिंगला बहुतेकदा हीच जोडी उचलली जाते: एक्सएल ४०१५ चिपचे तीन स्क्रूवाले (व्होल्टेज, करंट आणि दिवा यांच्या सेटिंगचे) मॉड्यूल आणि तीन सेलची बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारा बोर्ड. मॉड्यूल कामाचे आहे, दामही वसूल होतो. पण तो चार्जर नव्हे. ठरवलेले व्होल्टेज आणि ठरवलेला करंट देणारा तो सप्लाय आहे.

लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून तीन सेलना १२.६. मॉड्यूल आधी करंट धरून ठेवते, १२.६ गाठले की व्होल्टेज धरते आणि करंट हळूहळू उतरतो. इथवर सगळे बरोबर. करंट पुरेसा उतरला की खरा चार्जर चार्जिंग तोडतो. हे मॉड्यूल फक्त दिव्याचा रंग बदलते, आणि तिसरा स्क्रू तेवढ्याचसाठी असतो. पॅक दिवसेंदिवस १२.६ वर टांगलेला राहिला की सेलची ताकद लवकर जाते. २६०० मिलिअँपिअर-अवरचे सहा सेल, दोन-दोनच्या तीन जोड्या, म्हणजे ५.२ अँपिअर-अवर. त्याला २ अँपिअर पुरे. २६० मिलिअँपिअरवर आला की बंद. साधारण साडेतीन तास लागतात, तेव्हा सॉकेटला चार तासांचा टायमर लावाच.

इनपुटला लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ६५ वॅटचा अडॅप्टर उत्तम. १२ व्होल्टचा चालणार नाही, मॉड्यूल व्होल्टेज फक्त उतरवते. चिपची मर्यादा ५ अँपिअरची असली तरी हीटसिंकशिवाय ३ च्या वर जाऊ नका.

सेटिंग पॅक न जोडता करायचे. पावसात वीज जा-ये करते. ती गेली की पॅकचा करंट उलटा मॉड्यूलमध्ये शिरतो, म्हणून आउटपुटला एसआर ५६० डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. डायोडच्या पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून तिथे १२.५५ व्होल्ट लावा. डायोडच्या आधी मोजून लावले तर पॅक थोडा कमी भरेल, धोका नाही. मग रेझिस्टर काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर थेट आउटपुटला लावा आणि करंटचा स्क्रू २ अँपिअरवर आणा. हा स्क्रू पूर्ण उघडा राहिला की जुन्या सेलमध्ये ५ अँपिअर घुसतात. सेटिंग झाल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत या स्क्रूंचा आतला संपर्क खराब होतो, आणि फीडबॅक (आउटपुट किती आहे हे चिपला कळवणारी जोडणी) तुटला तर आउटपुट १९ व्होल्टकडे धावते. तेव्हा मधे फक्त बीएमएस उभी असते.

म्हणून खरेदीत खरी पारख बीएमएसची. ती एका सेलला साधारण ४.२५ ला तोडते, पण तो शेवटचा बांध. रोजचे चार्जिंग तिच्या भरवशावर सोडू नये. 'बॅलन्स' (सगळे सेल सारखे भरून घेणारी) म्हणून विकलेल्या बोर्डवर प्रत्येक सेलसाठी छोट्या रेझिस्टरची रांग दिसली पाहिजे, नसेल तर बॅलन्सिंग नाही. असले तरी वेग सुमारे ६० मिलिअँपिअर: ३०० मिलिअँपिअर-अवरची तफावत मिटायला पाच तास. त्यापेक्षा बांधण्याआधी प्रत्येक सेल टीपी ४०५६ या एका सेलच्या चार्जर बोर्डवर पूर्ण भरून घ्या. २.५ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल बाजूला काढा, त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नका.

पॅकच्या वायरी बीएमएसच्या बी-मायनस, बी-१, बी-२, बी-प्लस या टोकांना याच क्रमाने जोडा; बी-मायनसपासून अनुक्रमे ४.२, ८.४, १२.६ व्होल्ट आले पाहिजेत. चार्जरची मायनस वायर बीएमएसच्या पी-मायनस या बाहेरच्या टोकाला. ती बी-मायनसला गेली तर करंट बीएमएसला वळसा घालून जातो, आणि चार्जिंग सुरळीत चालल्यासारखे दिसते, हेच घातक. जोडल्यावर आउटपुट शून्य दिसले तर घाबरू नका, अनेक बोर्ड चार्जर लागल्यावरच जागे होतात.

पॅकच्या प्लसला ५ अँपिअरचा फ्यूज, आणि चार्जिंगच्या वायरमध्ये ४५ अंशांचा केएसडी ९७०० थर्मल स्विच, नेहमी जोडलेला राहणारा प्रकार, सेलला चिकटवून. पत्र्याची पेटी प्लॅस्टिकपेक्षा बरी.

घरात लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅकही असेल तर पेटीवर मार्करने ठळक लिहा: 'फक्त लिथियम-आयन, १२.६'. फॉस्फेटचा सेल ३.६५ लाच भरतो.