पत्रिकेचा कागद : तीन कार्ये आणि नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरपासून आमच्या घरात तीन कार्ये झाली. माघात मुलाची मुंज, मे महिन्यात वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन आणि श्रावणात धाकट्या जावेची मंगळागौर. तिन्हींची निमंत्रणे मी वेगवेगळ्या कागदांवर केली; काही घरच्या इंक टँक प्रिंटरवर, काही बाहेरून छापून. उरलेले कागद आणि पत्रिका अजून घरातच असल्यामुळे दुकानात कागद हाताला कसा लागला एवढेच नव्हे, तर नऊ महिन्यांनी तो कसा दिसतो हेही सांगता येईल.

सुरुवात हातकागदापासून झाली. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तेथून सुती चिंध्यांच्या लगद्याचा, कडा न कापलेला, किंचित पिवळसर पांढरा जाड कागद मी डोंबिवलीला घेऊन आले. कागद देखणा होता, यात आजही शंका नाही. चूक माझीच झाली. तो विकत घेताना मी छपाईचा विचारच केला नव्हता. घरच्या प्रिंटरवर पहिली प्रत काढली तेव्हा ‘मौंजीबंधन’ या शब्दातील मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून ‘मौं’च्या डोक्यावर एक करडा डाग तयार झाला. ‘आशीर्वाद’मधला रफार तर शोधावा लागत होता. हा कागद शाई पिऊन घेतो आणि तंतूंच्या बाजूने ती पसरते. इंग्रजी अक्षरांना हे थोडेफार खपून जात असेल, पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि खाली इतकी बारीक कामे असतात की अर्धा मिलिमीटर शाई फुटली तरी शब्द बिघडतो. अक्षरे मोठी केली, जाड वळणाचा टंक घेतला, तरी फारसा फरक पडला नाही. फुलांच्या पाकळ्या घातलेला हातकागद तर मी प्रिंटरमध्ये घातलाच नाही, कारण पाकळी सुटून आत अडकली असती तर दुरुस्तीचा खर्च पत्रिकांपेक्षा जास्त झाला असता.

तोच कागद मे महिन्यात स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून शाई दाबून करायच्या छपाईला, दिला आणि त्याचे खरे रूप दिसले. स्क्रीनची शाई घट्ट असते, ती कागदात मुरण्याऐवजी वर बसते. खडबडीत पृष्ठभागावर मरून रंगाची अक्षरे किंचित उठून दिसत होती. वडिलांनी पत्रिका हातात घेतल्यावर मजकूर वाचण्याआधी दोन वेळा तिच्यावरून अंगठा फिरवला. दीडशे प्रतींसाठी हा मार्ग परवडला. तीस-चाळीस प्रतींसाठी मात्र स्क्रीन तयार करण्याचाच खर्च अंगावर येतो.

मुंजीसाठी अखेर २०० जीएसएमचा, लेप नसलेला, हस्तिदंती रंगाचा गुळगुळीत कागद वापरला आणि घरी छापण्यासाठी मी आता दुसरे काही सुचवणार नाही. अक्षर स्वच्छ उठते, शाई मिनिटभरात वाळते आणि प्रिंटरच्या मागच्या ट्रेमधून कागद सरळ जातो. पुढच्या ट्रेमधून मात्र तो आत वळताना अडकतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. त्यामुळे सोळा कागद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले की काटा जो आकडा दाखवतो तोच जीएसएम. एका दुकानातून ३०० म्हणून आणलेल्या कार्डाचे सोळा कागद २५२ ग्रॅम भरले. तेव्हापासून मी लेबलापेक्षा काट्यावर विश्वास ठेवते. हाताच्या अंदाजावरही विसंबू नये, कारण आर्ट कार्ड, म्हणजे चकचकीत लेपाचे कार्ड, दाबून घोटलेले असते आणि तेवढ्याच वजनाचा हातकागद त्याच्यापेक्षा बराच जाड लागतो.

हे वजन टपालातही आडवे येते. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ३०० जीएसएमचा एक ए-फोर कागद मधोमध दुमडून केलेली पत्रिका एकटीच पावणेएकोणीस ग्रॅम भरते. पाकीट धरले की टप्पा ओलांडलाच. २०० जीएसएमची साडेबारा ग्रॅम होते आणि हलक्या पाकिटासह माझी पत्रिका एकोणीस ग्रॅममध्ये बसली.

दुमडण्याबद्दल दुकानात कोणी सांगत नाही. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरेख बसते, आडवी घातली तर जाड कागदाची पाठ फुटून पांढरी रेघ दिसते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा; ज्या बाजूने तो सहज वाकतो, तीच घडीची दिशा. दुकानदार २३ × ३६ इंची मोठ्या कागदातून कापून देणार असेल तर हे आधीच सांगावे. तयार ए-फोर बहुधा उभ्या तंतूंचा मिळतो आणि आपली घडी नेमकी आडवी पडते, म्हणून पट्टी लावून न लिहिणाऱ्या बॉलपेनने आधी क्रीझ, म्हणजे घडीची खाच, मारावी लागते. साठ पत्रिकांना मला एक संध्याकाळ लागली.

चकचकीत आर्ट कार्ड मी ऑफसेट किंवा लेझरसाठीच ठेवीन. घरच्या प्रिंटरची शाई त्यावर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती. शिवाय पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे असते, हे ते कार्ड जणू विसरूनच जाते. ओली हळद त्यावरून निसटली आणि कुंकू वाळून पाकिटात सांडले. कुलदैवतापुढे ठेवलेल्या पत्रिकेवर तारखेच्या ओळीभर लाल भुगा पसरला होता. हातकागदाने कुंकू लगेच शोषले, पण टिळ्याभोवती तेलकट कडे उमटले. हस्तिदंती कागदावर टिळा लावला तेवढाच राहिला.

मंगळागौरीच्या वेळी पावसाळा होता. बाहेर लेझरवर छापून आणलेले कार्ड दोन दिवसांत कडेने वर वळले. एरवी मी कागद प्लास्टिकमध्ये बांधून, वर जाड पुस्तके ठेवून सांभाळते. या वेळी मात्र गठ्ठा खिडकीशी उघडाच राहिला होता. घडीवर छापलेल्या ओळीतली लेझरची भुकटीही सुटली, तेव्हा घडीपासून मजकूर बोटभर दूर ठेवावा.

डिसेंबरपासून खिडकीत टाचलेल्या नमुन्यांपैकी लख्ख पांढरे स्वस्त कार्ड आता फिकट पिवळे पडले आहे. हस्तिदंती कागदात फरक जाणवत नाही आणि हातकागद जसाच्या तसा आहे. तो मला साध्या कार्डाच्या सुमारे तिप्पट किमतीला पडला होता. त्याचे बावीस कागद उरले आहेत, ते बारशाच्या पाकिटांसाठी राखून ठेवले आहेत; त्यांवर नावे शाईच्या पेनने नव्हे, बॉलपेनने लिहीन.