व्हेंच्युरी चांगली, बसवणारा वाईट

विद्राव्य खतांच्या ग्रेड, म्हणजे गोणीवरचे नत्र:स्फुरद:पालाशचे आकडे, इथे सांगत बसत नाही, स्ट्रॉबेरी करणाऱ्याला त्या पाठ असतात. आमचं रान पाचगणीच्या खालच्या अंगाला, तांबड्या मातीचं आणि उताराचं. जात बहुतेक विंटर डॉन, थोडी नाबिला. यंदा खत तीन तऱ्हांनी दिलं. काही बेडना लागणीआधीच दाणेदारचा भरगच्च बेसल डोस दिला, काहींना शेणखतावर बाकी सगळं ड्रीपमधून, आणि कडेच्या बेडना जीवामृत.

आधी व्हेंच्युरीचं सांगतो, म्हणजे बादलीतलं खत ड्रीपच्या पाण्यात ओढून घेणाऱ्या तुकड्याचं, कारण डोकं तिनेच खाल्लं. वस्तू दोन हजारांच्या आतली, पण बसवल्यावर खत ओढेचना. मोटार चालू, नळी बादलीत आणि बादली तशीच भरलेली. ड्रीपवाला फोनवर म्हणे, "मोटारच कमी पडतीय, मोठी घ्या." म्हणजे दोन हजारांच्या प्लास्टिकसाठी मी नवी मोटार घ्यायची! शेवटी शेजारच्या भाऊंनी येऊन दाखवलं. व्हेंच्युरी चालते दाबाच्या फरकावर. मेन लाईनवर तिच्या दोन तोंडांच्या मध्ये कॉक लागतो, तो थोडा आवळला की ती ओढते. तो कॉकच या पठ्ठ्याने बसवला नव्हता.

कॉक बसला, खत ओढायला लागली. पण तो आवळला की पुढचा दाब पडतो आणि उताराच्या वरच्या अंगाचे बेड उपाशी राहतात. मग रान दोन भागांत पाडून आळीपाळीने सोडायला लागलो. आमच्याकडे शेतीची लाईट रात्री येते, थंडीत हे काम कसं होतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

खरा राग पुढेच आहे. जाळीचा फिल्टर आधी आणि व्हेंच्युरी त्याच्यानंतर! म्हणजे पाणी गाळून घ्यायचं आणि खताचा गाळ सरळ लॅटरलमध्ये, म्हणजे बेडवरच्या ड्रीपच्या नळ्यांत, सोडायचा. व्हेंच्युरी फिल्टरच्या आधी पाहिजे, हे बसवणाऱ्याला कळू नये? मल्चिंगच्या प्लास्टिकखाली ड्रीपर बंद पडलेला दिसत नाही, रोप माना टाकतं तेव्हा कळतं. लॅटरलचं टोक सोडलं तर आधी पांढरट, बुळबुळीत पाणी आलं, मग चिमूटभर रवाळ माती. ड्रीपवाला म्हणाला खत हलकं, खतवाला म्हणाला फिटिंग चुकीचं. दोघांच्या भांडणात आम्ही मल्चिंग उचलून एकेक ड्रीपर बघत बसलो.

डिसेंबरपर्यंत हे सगळं उचकटून टाकायच्या बेतात होतो. वडील तर रोज म्हणायचे, "गोणी फोड, टाक, मोकळा हो." जानेवारीत मत फिरलं. बेसलवाल्या बेडची पानं काळीभोर, तळहाताएवढी, बघणारा खूश. पण फळ मऊ, वाशी मार्केटला पोचेपर्यंत पनेटच्या (फळाच्या छोट्या डब्याच्या) तळाला पाणी. पुढे पानांच्या कडाही करपल्या. स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत, आणि मल्चिंगखाली एकदा टाकलेलं खत परत काढता येत नाही. ड्रीपच्या बेडना मात्र फुलं दिसताच नत्र कमी केलं, ००:५२:३४ आणि पुढे ००:००:५० वर आलो. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी. ते १२:६१ किंवा सल्फेटच्या बादलीत पडलं की साका झालाच म्हणून समजा. फळ कडक आलं, कोवळ्या पानांची टोकं जळायची थांबली. खतही हप्त्याहप्त्याने लागेल तेवढंच गेलं, ते मला जास्त आवडलं. एक सांगतो, कॅल्शियम नायट्रेटची गोणी फोडली की तोंड घट्ट बांधा. आमच्याकडच्या धुक्यात तिचं पाणी होतं.

जीवामृत स्वस्त, मुळ्या पांढऱ्या दिसल्या, तक्रार नाही. पण २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, वर गूळ-बेसन, आणि ते कापडातून गाळायला एका बाईचा अर्धा दिवस. ड्रीपमधून सोडायची माझी छाती नाही, भोकाभोकात मगाने ओतलं. तोडे सुरू झाल्यावर बंद केलं. हे फळ लोक सालीसकट खातात, त्यावर शेणाचा शिंतोडा नको.

पुढच्या हंगामात सगळे बेड ड्रीपवर, बेसलला शेणखत आणि थोडं सुपर फॉस्फेट, बस. जीवामृत फक्त फुलं येईपर्यंत. फिल्टर व्हेंच्युरीच्या पुढे घ्यायला ड्रीपवाला वेगळी मजुरी मागतोय. त्याचं आधीचं निम्मं बिल अजून माझ्याकडेच आहे, आधी फिल्टर हलव म्हणावं, मग बिलाचं बघू.