सोलिफेनासिन की मिराबेग्रॉन? लघवीच्या घाईवरची गोळी ठरवताना

लघवीला लागली की दोन मिनिटंही दम निघत नाही, कुलपात किल्ली फिरेपर्यंत कपड्यात होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. जंतुसंसर्ग नाही, खडा नाही असं तपासून झालं की डॉक्टर ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणतात. मग चिठ्ठीवर बहुधा दोनांपैकी एक नाव येतं, सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ही चिठ्ठी आणणारं माणूस आधी मागे कुणी उभं नाही ना ते बघतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, “आमच्या वहिनींना दुसरी गोळी दिलीय. यातली चांगली कुठली?”

गुणाच्या बाबतीत दोन्हींत फारसं डावं-उजवं नाही. अभ्यासांमध्ये अशा गोळ्यांनी दिवसाच्या फेऱ्या सरासरी दोनच्या आसपास कमी झालेल्या दिसतात, आणि ज्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली होती त्यांच्याही एक-सव्वा फेऱ्या कमी होतात. म्हणजे बारा वेळा जाणारा माणूस दहावर येईल, सहावर येईलच असं धरून चालू नये. काहींना यापेक्षा बराच जास्त आराम पडतो, काहींना अजिबात नाही. त्यामुळे गोळी ठरवताना मी आधी विचारतो ते असं: घरच्या औषधांच्या डब्यात आणखी काय काय आहे, आणि पोट, डोळे, बीपी, प्रोस्टेट, स्मरणशक्ती यांचं काय चाललंय?

दोन वाटा

मूत्राशयाच्या स्नायूला ‘आवळ’ असा निरोप ॲसिटिलकोलिन हे रसायन देतं. सोलिफेनासिन तो निरोप अडवतं. टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम ही सगळी त्याच कुळातली. अडचण अशी, की हाच निरोप लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींना, आतड्यांना, डोळ्याच्या बाहुलीला आणि मेंदूलाही लागतो. या गोळ्यांचे जवळपास सगळे त्रास तिथूनच येतात.

मिराबेग्रॉन दुसऱ्या वाटेनं जातं. मूत्राशय भरत असताना स्नायू सैल ठेवणारे बीटा-३ नावाचे ग्राहक असतात, त्यांना ते चालना देतं. त्यामुळे मूत्राशयात जास्त लघवी मावते. हे तुलनेनं नवं औषध. ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत १९७५ मध्ये परवानगी मिळाली, सोलिफेनासिनला २००४ मध्ये आणि मिराबेग्रॉनला २०१२ मध्ये. नवं आहे म्हणून ते प्रत्येकाला बरं असं मात्र नाही. बीपीवाल्यांनी पुढचा भाग जरूर वाचावा.

तोंड, पोट आणि उन्हाळा

सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅमच्या गोळीवर शंभरात सुमारे ११ जणांना तोंडाला कोरड पडते, १० मिलिग्रॅमवर सुमारे २८ जणांना. दिखाऊ गोळीवर हा आकडा चारच्या आसपास होता. पोट साफ न होण्याची तक्रार ५ वर शंभरात पाचेक जणांना, १० वर तेरा-चौदा जणांना. डॅरिफेनासिनमध्ये पोटाचा त्रास याहून जास्त. मिराबेग्रॉनमध्ये कोरड दिखाऊ गोळीइतकीच दिसते.

कागदावर ‘तोंडाला कोरड’ फार साधी वाटते. प्रत्यक्षात कवळी टिकत नाही, भाकरीचा घास गिळताना पाणी लागतं, आणि मधुमेही माणूस दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायला लागतो. शिवाय कोरड पडली म्हणून पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून लघवी जास्त. मग ‘गोळीचा काही उपयोग नाही’ म्हणून ती सुटते. ज्यांना आधीच दोन दिवसांआड पोट साफ होतं, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना न लाजता सांगावी. तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि घाई आणखी वाढवतं. इसबगोल चालतं, पण पुरेशा पाण्याबरोबर.

घामाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. सोलिफेनासिनच्या कुळातल्या गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणजे शरीर थंड होण्याची मुख्य वाट अरुंद होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, शेतावर किंवा पत्र्याखाली काम करणाऱ्या माणसासाठी हा खरा धोका आहे. अंग तापलंय, चक्कर येतेय आणि घाम मात्र नाही, असं झालं तर गोळीचं नाव घेऊनच दवाखान्यात जायचं.

आजी विसरायला लागल्यात

सत्तरीपुढच्या माणसांच्या बाबतीत माझा कल स्पष्ट आहे: आधी मिराबेग्रॉनचा विचार व्हावा, बीपी आटोक्यात असेल तर. ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळल्याचे मोठे अभ्यास २०१५ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळीमुळेच विस्मरण झालं असं हे निरीक्षणाचे अभ्यास सिद्ध करू शकत नाहीत. तरी अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, या गोळ्या देताना ह्या धोक्याची रुग्णाशी चर्चा करावी असं म्हटलं आहे. सगळ्यात जास्त जपून राहायचं ते ऑक्सिब्युटिनिनपासून, कारण ते मेंदूत सहज शिरतं. ट्रॉस्पियम त्या मानानं फार कमी शिरतं, पण ते जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी घ्यावं लागतं.

एक जोडी मला चिठ्ठ्यांवर दिसली की मी डॉक्टरांना फोन करतो. विस्मरणासाठी डोनेपेझिल आणि लघवीसाठी सोलिफेनासिन. पहिलं औषध ॲसिटिलकोलिन वाढवतं, दुसरं ते अडवतं. बहुतेक वेळा दोन वेगळ्या डॉक्टरांनी, एकमेकांची चिठ्ठी न बघता लिहिलेली असतात. त्यातही डोनेपेझिलमुळेच लघवीची घाई वाढलेली असू शकते.

हा भार फक्त लघवीच्या गोळीचा नसतो. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, खाज सुटते म्हणून हायड्रॉक्सिझिन, पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. ही सगळी थोड्याफार प्रमाणात तेच काम करतात. एकेकटी बिचारी असतात, एकत्र आली की म्हातारं माणूस रात्री भांबावतं, पडतं.

बीपी आणि मिराबेग्रॉन

मिराबेग्रॉननं बीपी वाढू शकतं. सरासरी वाढ किरकोळ, अंकभर इतकी. पण वरचं १८० किंवा खालचं ११० याच्या पुढे असेल आणि आटोक्यात नसेल, तर ही गोळी द्यायचीच नाही. ज्यांचं बीपी औषधानं नीट आहे त्यांना ती चालते, फक्त सुरू केल्यावर अधूनमधून मोजत राहायचं. घरी यंत्र असेल तर आकडे तारखेसह वहीत लिहा. नुसतं ‘नॉर्मल होतं’ हे डॉक्टरांच्या कामाचं नाही.

दुसरी बाजू बाकीच्या औषधांची. यकृतातल्या ज्या यंत्रणेवर मेटोप्रोलॉलचा निचरा अवलंबून असतो, ती मिराबेग्रॉन काहीशी मंदावतं. मेटोप्रोलॉल आपल्याकडे बीपी आणि हृदयासाठी अगदी सर्रास दिलं जातं. नाडी फार मंद वाटली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते कळवायला हवं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनीही हे सांगितलंच पाहिजे. व्हायबेग्रॉन हे याच वाटेचं पुढचं औषध, त्यात बीपीचा असा इशारा नाही. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला मंजुरी मिळाली.

मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर दोन्हींची मात्रा कमीच ठेवतात: सोलिफेनासिन ५ च्या वर नाही, मिराबेग्रॉन २५ च्या वर नाही. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट चिठ्ठीबरोबर ठेवावा.

पुरुषांनी आणि काचबिंदूवाल्यांनी

साठीच्या पुढच्या पुरुषांत घाईचं मूळ पुष्कळदा प्रोस्टेटमध्ये असतं. लघवी अडखळत होते, धार बारीक आहे, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, असं असेल तर गोळीआधी सोनोग्राफीत ‘लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते’ ते मोजून घ्या. सोनोग्राफीवाल्याला तसं मुद्दाम सांगावं लागतं. भरपूर शिल्लक राहत असताना स्नायू आणखी ढिला केला की लघवी पूर्ण तुंबते. मग मध्यरात्री नळी घालायची वेळ येते. दोन्ही गोळ्यांत हा धोका आहे, सोलिफेनासिनच्या कुळात जरा जास्त. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन आधीपासून चालू असेल तर ते स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आणि ही सर्दीची गोळी! क्लोरफेनिरामिनबरोबर तिच्यात बहुधा फिनाइलएफ्रिन असतं, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं. प्रोस्टेटवाल्या माणसानं लघवीच्या गोळीवर ही सर्दीची गोळी घेतली की दोन्हीकडून कोंडी. चिठ्ठीशिवाय मागितलेल्या गोळीचं कुणी मनावरच घेत नाही, म्हणून हे इथे लांबवून सांगितलं.

काचबिंदूत प्रकार बघावा लागतो. अरुंद कोनाचा काचबिंदू असून त्यावर उपचार झालेले नसतील तर सोलिफेनासिनच्या कुळातली गोळी नको. मिराबेग्रॉनला ही अट नाही. डोळ्यात थेंब टाकत असाल तर ती बाटलीसुद्धा ‘औषध’ म्हणून डॉक्टरांना दाखवायची.

अडकित्त्यानं अर्धी केलेली गोळी

मिराबेग्रॉनची गोळी २४ तास हळूहळू औषध सोडेल अशी बनवलेली असते. स्ट्रिपवर नावापुढे ‘ईआर’ किंवा ‘एक्सटेंडेड रिलीज’ छापलेलं दिसेल. पैसे वाचावेत म्हणून ५० ची गोळी अडकित्त्यानं अर्धी करून ‘२५ झाली’ म्हणणारे मला भेटतात. तसं होत नाही. तुटलेल्या गोळीतलं औषध लवकर बाहेर पडतं. चावून किंवा खलबत्त्यात कुटूनही चालत नाही. घास गिळायला त्रास होणाऱ्या माणसासाठी हे निवडीचं कारण होऊ शकतं, तेव्हा आधीच सांगा. खर्च परवडत नसेल तर तेही सांगा. त्याच औषधाच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या किमतीत बरंच अंतर असतं, आणि त्याच मात्रेची स्वस्त गोळी मागणं हा तुमचा हक्क आहे.

एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही, नेहमीची एकच. सोलिफेनासिन आणि मिराबेग्रॉन एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिपाही मिळतात. त्या वापरायच्या कुठल्याही एका औषधानं भागलं नाही तर. पहिल्याच चिठ्ठीवर जोडगोळी दिसली तर डॉक्टरांना कारण विचारायला हरकत नाही.

गोळीआधी डब्यात बघा

पहिली गोळी घेण्याआधी तीन दिवस वही ठेवा: किती वाजता गेलो, अंदाजे किती झाली, किती प्यायलो, कपड्यात झाली का. या वहीतून कधीकधी गोळीची गरजच नाही असं निघतं. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती औषधं साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, फेऱ्या वाढणारच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल आणि ते संध्याकाळी घेतलं जात असेल, तर ते सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. ॲम्लोडिपिननं पायाला सूज येते, आणि आडवं झालं की तेच पाणी रात्री लघवीवाटे निघतं. संध्याकाळचा चहा तर आहेच. यातलं काहीही परस्पर बंद करू नका, पण यादी करून दाखवा.

मूत्राशयाला वळण लावण्याचे व्यायामही गोळीबरोबरच सुरू करावेत: घाई आली की जागीच थांबून ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरली की चालत जायचं, धावत नाही. गोळी सुटली तरी हे हाताशी राहतं.

मग कुणी काय घ्यावं? वय जास्त, विस्मरण, बद्धकोष्ठ किंवा आधीच चार-पाच औषधं असतील तर मिराबेग्रॉनकडे झुकावं. बीपी हाताबाहेर असेल किंवा मेटोप्रोलॉल-डिगॉक्सिनमुळे गुंतागुंत होत असेल तर सोलिफेनासिन, ५ मिलिग्रॅमपासून. वय कमी, पोट चांगलं, इतर औषध नाही, तर कुठलंही. मग किंमत आणि सोय बघावी.

दोन्हींना चार ते आठ आठवडे द्यावे लागतात. तेवढ्यात वहीतले आकडे हलले नाहीत तर मात्रा वाढवायची की गोळी बदलायची ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्यांची स्ट्रिप आणून बघू नका. लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, लघवी पूर्ण थांबणं, ओठ-जीभ-चेहऱ्यावर सूज किंवा डोळा दुखून एकदम अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्ट्रिप बरोबर न्या, फेकलेली असेल तर बिल तरी न्या.