गडद अंड्यांच्या नोंदी: वही की मोबाइल?
कोंबड्यांच्या पायांत नंबरच्या कड्या घातल्यात, अंडे उचलताच त्यावर पेन्सिलीने कोंबडीचा नंबर लिहिता, इथवर तुम्ही आला आहात असे धरतो. प्रश्न उरतो नोंदी ठेवायच्या कुठे. गावरान कोंबड्यांवर ऱ्होड आयलंड रेड या तपकिरी अंड्याच्या जातीचा कोंबडा सोडून मी गडद तपकिरी अंड्याच्या मागे आहे. दोन्ही रीती वापरून झाल्या.

वंशावळीसाठी मोबाइलमधली शीटच (एक्सेलसारखा तक्ता) सरस. निळ्या अंड्याचा रंग एका प्रभावी जनुकावर ठरतो, तपकिरीचा अनेक जनुकांवर, म्हणून एकदोन अंड्यांवरून वंश कळत नाही. कोंबडा काही अंडे देत नाही, त्याची पारख लेकींच्या अंड्यांवरूनच. सात नंबरच्या कोंबड्याच्या सगळ्या तलंगा (नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या) शीटमध्ये क्षणात समोर येतात. वहीत पाने चाळावी लागतात, एखादी नजरेतून सुटते.

तरी मी वहीकडे वळलो, तो फोटोंमुळे. शीटला जोडून प्रत्येक अंड्याचा फोटो ठेवायचो. एकाच कोंबडीचे अंडे सकाळी अंगणात विटकरी दिसायचे, संध्याकाळी बल्बखाली पिवळट. शेवटी एकच अंडे दोन्ही वेळी टिपले, तर दोन वेगळ्या कोंबड्यांचे वाटावे! उजेड बदलला की कॅमेरा रंग आपल्या मनाने सावरून घेतो. तोवर त्या फोटोंच्या भरवशावर एक चांगली तलंग विकून बसलो होतो. तिची मागे राहिलेली अंडी उन्हात पाहिली आणि फार हळहळलो.

आता रंगाच्या दुकानातले शेड कार्ड वहीला दोऱ्याने बांधले आहे. अंडे वाळू द्यायचे, कारण ओले असताना ते जास्त गडद भासते. मग दारातल्या सावलीत कार्डाशेजारी धरून शेडचा आकडा लिहायचा. धुवायचे मात्र नाही. तपकिरी रंग बराचसा वरच्या थरात असतो. त्या आकड्याशेजारी तलंगेचे ते कितवे अंडे, हेही लिहितो. सुरुवातीची अंडी सहसा सर्वांत गडद, पुढे रंग उतरत जातो. एकीचे तिसरे दुसरीच्या पन्नासाव्याशी ताडले तर निवड फसते.

हाच आकडा शीटमध्येही भरता येईल, खरे आहे. पण खुराड्यातल्या हातांनी मोबाइल काढवत नाही, आणि ‘रात्री भरू’ म्हटलेले माझ्याकडून तरी राहून जाते. पन्नासच्या वर कोंबड्या असतील तर शीट घ्या, फक्त फोटोंवर विसंबू नका. वीस-पंचवीसच असतील तर मी वहीच सुचवीन, आणि लिहायला पेन्सिल. पाणी सांडले तर शाई पसरते.