११२० डॉलर गेले आणि दोष निघाला प्लग वायरचा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात जुनी मियाटा हौसेने पाळणारे आपले बरेच जण आहेत म्हणून लिहितोय, नाहीतर स्वतःचा बावळटपणा चारचौघांत सांगायची मला काही हौस नाही.

गाडी १९९९ ची माझदा मियाटा, दोन सीटची उघड्या टपाची, १.८ लिटर. हाफ मून बेला जाताना ९२ नंबरच्या हायवेवर चढ लागला की आणि त्यात धुकं असलं की गचके द्यायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. ऊन पडलं, इंजिन तापलं की एकदम शहाणी. गॅरेजला नेली की अर्थातच शहाणी. हाच सगळा घोळ आहे, अधूनमधून येणारा दोष असला की गॅरेजवाल्याचं फावतं, कारण त्याने काहीही केलं तरी दोनचार दिवस गाडी बरी चालते आणि आपण खूश.

पहिल्या खेपेला गाडीच्या कॉम्प्युटरमधून दोषाचा कोड निघाला पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. गॅरेजवाला म्हणाला कॉइल पॅक (ठिणगीसाठी प्लगना वीज पुरवणारा भाग) गेलाय, प्लगही बदलतो, ६४० डॉलर. दिले. आठवड्याने पुन्हा तेच, मग म्हणे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चोकअप, क्लीनिंगचे ४८०. तेही दिले!! तिसऱ्या खेपेला मान हलवत म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलंय, सिलिंडर दाब धरत नाहीत, इंजिन खोलावं लागेल, ५२०० लागतील." त्याच रात्री फ्रीमाँटच्या एका मित्राला फोन केला, तो वीसेक वर्षं अशाच गाड्या उघडतोय.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, एकट्या तीनचाच कोड का? या गाडीत एक कॉइल १ आणि ४ ला स्पार्क देते आणि दुसरी २ आणि ३ ला. कॉइलच गेली असती तर बहुतेक दोन नंबरही सोबत रडला असता. मला हे माहीत नव्हतं, पण गॅरेजवाल्याला तरी असायला हवं ना.

शनिवारी त्याच्या ड्राइव्हवेमध्ये अंधार पडायची वाट बघितली, इंजिन चालू ठेवून स्प्रे बाटलीने कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या वायरींवर नुसता पाण्याचा फवारा मारला. तीन नंबरच्या वायरीतून हेडकडे (इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाकडे) निळी ठिणगी टकटक उडताना डोळ्यांनी दिसली. इन्शुलेशनला बारीक चीर. चढावर लोड आला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, प्लगच्या गॅपमधून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, मग ती चिरेतून सोपी वाट धरते, आणि हवा दमट असेल तर विचारूच नका.

इंजिन गार झाल्यावर वायर उपसली तर प्लगच्या विहिरीत काळं तेल साचलेलं, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट गळतेय, त्या तेलानेच वायरीचं रबर खाल्लं होतं. आणि प्लग? टोकं झिजून गोल झालेली, वर गंज. 'नवीन' प्लगचं बिल माझ्या हातात आणि हे पान्यात. प्लग बदलणाऱ्याला ते तेल दिसलं नाही असं होऊच शकत नाही, म्हणजे त्याने तिथे पानाच लावला नव्हता. कॉइलच्या बोल्टवरची धूळपण जुनीच. कोड पुसून दिवा घालवला होता, बस.

कॉम्प्रेशनही मोजलं, पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट भरून गेज वापरायला मिळतं. चारही सिलिंडर १७५ ते १८० पीएसआय, म्हणजे ठणठणीत. हेच ते 'गेलेलं' इंजिन.

वायरींचा सेट, चार प्लग आणि गॅस्केट मिळून शंभराच्या आसपास खर्च आला, दुपार गेली ती वेगळी. दोन महिने झाले, धुक्यात मुद्दाम नेऊन बघितली, एकदाही गचका नाही.

कॅलिफोर्नियात काम सुरू करायच्या आधी लेखी एस्टिमेट द्यावंच लागतं, आणि सही करतानाच सांगून ठेवलं तर काढलेले जुने पार्ट्स परत मागता येतात, वॉरंटी किंवा एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत पाठवायचे असतील तर निदान दाखवावे लागतात. मी तेव्हा मागितले नाहीत, इथेच मार खाल्ला. आणि इंजिन खोलायचं म्हणाला तर कॉम्प्रेशनचे आकडे दाखव म्हणायचं, चारही सिलिंडरचे.

ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे (गॅरेजांवर देखरेख ठेवणारं कॅलिफोर्नियाचं सरकारी खातं) ऑनलाइन तक्रार टाकलीये, फोटोंसकट. परवा गॅरेजवाल्याचा स्वतःहून फोन आला, प्लगचे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या. नुसते प्लगचे! मी अजून काही कळवलं नाहीये. ते चार जुने प्लग झिपलॉकच्या पिशवीत घालून ठेवलेत, तेलासकट.